ठेक्याला सोसेल एवढंच

भोपाळला जायचा हुकूम आल्याचं शरच्चंद्र वाकनीसने आधी कुत्र्याला सांगितलं आणि मग बहिणीला.

इंदुताई आत कणीक तिंबत होत्या. सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला, पण भाऊ आत आला नाही, म्हणून त्यांनी दारातून डोकावून पाहिलं. अंगातला कोटही न काढता तो ओसरीच्या पायरीवर बसला होता. ठेक्याचं डोकं मांडीवर होतं, आणि शरच्चंद्र अगदी हळू आवाजात त्याला काहीतरी समजावत होता. त्यातला ‘भोपाळ’ एवढाच शब्द त्यांच्या कानी आला. तेवढा पुरेसा होता. छप्पन सालचा ऑक्टोबर चालला होता, आणि त्या महिन्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांत दुसरं बोलणंच नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं, तेव्हा दरबारचे कारकून एका दिवसात सरकारचे कारकून झाले होते. पण कचेरी तीच मोतीमहालातली, खुर्ची तीच, आणि जनकगंजातून सायकलने जायचा रस्ताही तोच. आता मध्यभारतही उरणार नव्हतं. एक नोव्हेंबरपासून नवं मध्यप्रदेश, राजधानी भोपाळ. मोतीमहालातून दप्तरांचे गठ्ठे ट्रकांत चढत होते. काही कचेऱ्या ग्वाल्हेरलाच राहणार होत्या. शरच्चंद्राची राहणार नव्हती.

“पंधरा दिवसांत हजर व्हायचंय,” आत येऊन तो म्हणाला. “ताई, ह्याचं काय करायचं?”

तुझं काय करायचं, असं त्याने विचारलं नाही. इंदुताईंनाही त्या क्षणी ते खटकलं नाही. खटकलं ते मागाहून, पोळ्या लाटताना, आणि मग जरा लागलंच.

दोघांचं असं काही फार मोठं घर नव्हतं. इंदुताई एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती. आईवडील गेले. शरच्चंद्राने लग्न केलं नाही. का केलं नाही ते त्याने सांगितलं नाही, आणि त्या घरात न सांगितलेलं विचारायची रीत नव्हती. दोन खोल्या, ओसरी, पुढे हातभर अंगण, आणि सहा वर्षांपासून हा कुत्रा.

पन्नास सालच्या थंडीत मोतीमहालाच्या मागच्या पागेत एका कुत्रीची सगळी पिल्लं साथीत मेली. एक तेवढं राहिलं. डोळे चिकटलेले, नाक वाहणारं, ते शरच्चंद्राने टोपीत घालून आणलं. जनावरांचे डॉक्टर दौलतसिंह माने यांनी ते पाहून मान हलवली. दौलतसिंह पूर्वी दरबारच्या रिसाल्यात घोड्यांचे डॉक्टर होते. संस्थानाची फौज हिंदी लष्करात गेली, घोडे गेले, तेव्हा त्यांनी इंदरगंजात एका खोलीवर पाटी लावली होती.

“वाचेल, वाकनीस,” ते म्हणाले होते, “पण धड राहायचा नाही. हा ताप मेंदूत शिरतो. जन्मभराचं दुखणं घेऊन चाललात घरी, सोच लो.”

आणि तसंच झालं. पिल्लू वाचलं, पण त्याचा डावा मागचा पाय आणि खालचा जबडा आपोआप उडत राहिला. जागेपणी, झोपेत, सारखा. शेजारी गाणं शिकवणाऱ्या नानांनी एकदा बसून ते पाहिलं आणि म्हणाले, “अरे, हा तर ठेका धरून बसलाय!” तेच नाव पडलं. आठ महिन्यांचा असताना पहिला झटका आला, आणि मग येतच राहिले. माणसाला फेफरं येतं तसे. मान मागे ताठायची, तोंडाला फेस यायचा, आडवा पडून चारही पाय पळत असल्यासारखे हलायचे. सकाळ-संध्याकाळ सहाच्या ठोक्याला गोळी. कधी वीस दिवस बरे जायचे, कधी आठवडाही नाही. कुठली तिथी, किती वेळा, ते शरच्चंद्र पंचांगाच्या कडेला लाल पेन्सिलीने ठिपके देऊन ठेवायचा.

त्या गोळीपायी तो सहा वर्षांत गावाबाहेर गेला नव्हता. मध्यभारताचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला जायचं, तेव्हा साहेबांच्या विनवण्या करून मागे राहणाऱ्या शाखेत त्याने स्वतःचं नाव घालून घेतलं होतं. इंदुताईंच्या मनात काशीला जायचं होतं, तेही राहिलं. त्यांनी कुत्र्याला कधी उपाशी ठेवलं नाही, पण हातही लावला नाही. दूधभात लांबून सरकवायच्या. चुकून शिवला तर लुगडं बदलायच्या. ठेकाही शहाणा होता. त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबायचा, पुढचे पंजे बरोबर उंबऱ्याच्या अलीकडे.

भोपाळला नेणं शक्यच नव्हतं. तिकडे सरकारने कारकुनांना बरॅकी दिल्या होत्या, एका दालनात आठ-आठ खाटा. बायकापोरंसुद्धा मागे ठेवून लोक चालले होते. शिवाय रेल्वेचा प्रवास. एकदा टांग्यातून किला गेटला नेलं होतं तर वाटेत दोन झटके आले होते.

“मी करीन,” इंदुताई म्हणाल्या. आपणच हे बोललो याचं त्यांना नवल वाटलं.

मग उरलेले दिवस शरच्चंद्र त्यांना शिकवत राहिला. गोळी पोळीच्या लगद्यात गुळाबरोबर कशी द्यायची. तो चावल्यासारखं करून गालात ठेवतो, तेव्हा घसा चोळायचा. झटका आला की धरून ठेवायचं नाही, तोंडाजवळ हात न्यायचा नाही, पाणी ओतायचं नाही. “समोरच्या मंदाताई म्हणतील जोडा हुंगवा, कांदा फोडा. ऐकायचं नाही.” फक्त डोक्याखाली कापडाची घडी सारायची, पायरीवरून पडू द्यायचं नाही आणि आकडे मोजायचे. दीडशेच्या आत थांबतो. दोनशेच्या वर गेलं तर दौलतसिंहांना निरोप.

“आणि ताई, उठल्यावर अर्धा तास तो कुणालाच ओळखत नाही. भिंतीवर आपटतो, गोल फिरतो. हाक मारू नकोस. हाक मारली की घाबरतो. त्याचा तो परत येतो.”

एकतीस ऑक्टोबरला दुपारी तो गेला. ठेका दाराशी बसून राहिला. त्याला काय कळणार? त्याच्या मते शरद कचेरीत गेला होता.

पाचव्या दिवशी सकाळी इंदुताई देवपूजा करत होत्या, तेव्हा ओसरीवर काहीतरी धप्पकन पडलं. सोवळ्यात होत्या त्या. दारापर्यंत गेल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या. ठेक्याचं डोकं पायरीच्या दगडावर आपटत होतं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घडी खुंटीवर होती, चार पावलांवर. तेवढाही वेळ नव्हता. त्या खाली बसल्या आणि त्यांनी आपला हात दगड आणि डोकं यांच्या मधे घातला.

मोजणं राहूनच गेलं. थांबलं तेव्हा त्यांच्या हाताची कातडी सोलवटली होती, लुगड्याला फेस आणि मूत लागलं होतं. ठेका उठला, त्यांच्या अंगावरून गेला, भिंतीवर आपटला, गोल फिरला. त्यांनी हाक मारली नाही. तिथेच बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने तो थांबला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग एकेक पाऊल टाकत आला. येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. पाय उडत होता, तो इंदुताईंच्या घोट्याला लागत होता. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या मांडीवर कुणी डोकं ठेवलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी पूजा अर्धीच सोडली. पुढे दोन-चार दिवस लुगडं बदलून पाहिलं, मग तेही सुटलं. समोरच्या माडीवरच्या मंदाताई खालून जाताना म्हणाल्या, “हे काय इंदुताई? तुम्ही आणि कुत्र्याला मांडीवर घेऊन राहिलात?”

“त्याला बरं नाहीये,” इंदुताई म्हणाल्या.

“त्याला सहा वर्षं बरं नाहीये!”

“हो ना,” इंदुताई म्हणाल्या, आणि त्याच्या कानामागे चोळत राहिल्या.

त्यांना ठेका आता कळू लागला. झटक्याच्या आदल्या दिवशी तो फार लाडात येतो, आणि बरा असला की चिमण्यांवर उगीच गुरगुरतो. भाजणीचा वास त्याला आवडतो. फोडणीचा तडतडाट आवडत नाही, म्हणून त्या आधी त्याला अंगणात घालवून मग मोहरी टाकायच्या. शरच्चंद्राला दर आठवड्याला पत्र जायचं. त्याचंही यायचं. पानभर ठेक्याची चौकशी, शेवटच्या ओळीत ‘तू जप’. डिसेंबर चांगला गेला. पंचांगाच्या कडेला बावीस दिवस एकही ठिपका नव्हता.

संक्रांतीला शरच्चंद्र चार दिवसांच्या रजेवर आला. इंदुताईंनी गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. सकाळी टांगा थांबला, आणि तो उतरायच्या आतच ठेक्याला कळलं. आधी तो ओरडला, कुत्र्याचा आवाज वाटू नये असा, बाईमाणसाच्या रडण्यासारखा. मग धावला. मागचा पाय उडत असताना जमेल तसा, तिरका तिरका, पडत, उठत. शरच्चंद्र गुडघ्यांवर बसला आणि ठेका त्याच्या छातीवर येऊन आदळला. त्याने त्याचं तोंड चाटलं, टोपी पाडली, पुन्हा ओरडला. इंदुताई दारात उभ्या राहून हसत होत्या, डोळे पुसत होत्या.

टांगेवाला पण हसला. “बाबूजी, ऐसा स्वागत तो लाटसाहब का भी नहीं होता.”

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ठेका शरच्चंद्राच्या हातांतच ताठला.

त्या चार दिवसांत सात झटके आले. प्रत्येक झटक्यानंतर तो शुद्धीवर यायचा, शरदला नव्याने बघायचा, पुन्हा तसाच वेडा व्हायचा, आणि पुन्हा पडायचा. “थंडीमुळे असेल,” शरच्चंद्र म्हणाला. इंदुताईंनी पंचांगात सातवा ठिपका दिला. तो गेल्यावर दोन दिवस ठेका निपचित होता. मग सावरला, आणि एकोणीस दिवस एक ठिपका नाही.

होळीला तो पुन्हा आला. ह्या वेळी थंडी नव्हती. तीन दिवसांत नऊ. शेवटचा दोनशेच्याही पुढे गेला. मल्हारराव, मंदाताईंचे यजमान, रंग लागलेल्या अंगानेच सायकल मारत इंदरगंजात गेले आणि दौलतसिंहांना घेऊन आले. सुई दिल्यावर दौलतसिंह ओसरीवर बसून राहिले. चहा घेतला. मग म्हणाले, “ताई, पंचांग आणता जरा?”

इंदुताईंनी आणलं. त्यांनी बोट फिरवलं, आणि बोट जिथे थांबायचं होतं तिथे थांबलं. त्यांनी वर पाहिलं तर इंदुताई त्यांच्याकडेच बघत होत्या. ह्या बाईला हे आधीच कळलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

शरच्चंद्र आत ठेक्याजवळ होता. दौलतसिंह उठले. “मी सांगू की तुम्ही?”

“मी सांगते,” इंदुताई म्हणाल्या.

डॉक्टर गेले. ठेका सुईच्या गुंगीत होता. इंदुताई भावाशेजारी जमिनीवर बसल्या आणि पंचांग दोघांच्या मधे ठेवलं.

“शरद, हे बघ. तू गेलास तेव्हापासूनचं.”

त्याने पाहिलं. त्याला कळायला वेळ लागला, किंवा कळूनही त्याने वेळ लावला.

“दर महिन्याला एखाद-दुसरा येतो,” त्या म्हणाल्या. “तू येतोस तेव्हा एवढे. त्याला मार सोसतो, ताप सोसतो, उपास सोसतो. एवढा आनंद मात्र त्याला सोसत नाही.”

“मी हळू येईन. मागच्या दाराने. त्याच्याकडे बघणार नाही.”

“त्याला बघावं लागत नाही. टांगा कोपऱ्यावर असतो तेव्हाच तो उठतो.”

“मग काय करू, ताई? येऊ नको म्हणतेस?”

इंदुताईंना ‘हो’ म्हणायचं होतं. पण म्हणवेना. कारण शरद आला नाही, तर तो ठेक्याकडे येणार नाही तसाच त्यांच्याकडेही येणार नाही. तिळगूळ त्या एकट्या खाणार, दिवाळीचा पहिला दिवा एकट्या लावणार. ह्या माणसाशिवाय त्यांना ह्या जगात दुसरं कुणी नव्हतं.

“एवढ्यात नको येऊस,” त्या म्हणाल्या.

शरच्चंद्र बराच वेळ ठेक्याच्या पाठीवर हात ठेवून बसला. मग त्याने पिशवी भरली आणि ठेक्याला जाग यायच्या आत, दोन दिवसांची रजा शिल्लक असताना, दुपारच्याच गाडीने निघून गेला. ठेका उठला, घरभर हुंगत फिरला, शरदच्या खाटेखाली जाऊन बसला, आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. पण झटका आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिना गेला. इंदुताई रोज पंचांगाची कोरी कड पाहायच्या, आणि ती कोरी आहे याचा त्यांना आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची लाज वाटायची.

श्रावणात मंदाताई एका दुपारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “इंदुताई, आज चारला त्याला घेऊन ओसरीवर बसा. उन्हात. आणि वर बघू नका.”

“का?”

“शरद येऊन राहिलाय. मागच्या गल्लीतून, आमच्याकडे. माडीवर चिकाच्या पडद्यामागे बसेल म्हणतो. पत्र आलंय ह्यांना. एक दिवसासाठी भोपाळहून येतोय, वेडा.”

मंदाताईंनी तोंड फिरवलं. ह्याच बाई सहा वर्षं जोडा हुंगवायला सांगत होत्या.

चारला इंदुताईंनी ओसरीवर चटई टाकली. ठेक्याला बोलावलं, फणी घेतली, आणि त्याचे केस विंचरायला बसल्या. पावसाने उघडीप दिली होती, ऊन अजून कडक होतं. समोरच्या माडीवर बांबूचा चिक सोडलेला होता. त्यामागे काही दिसत नव्हतं, आणि त्या बघतही नव्हत्या. पण आज त्यांनी ठेक्याला रोजच्या बाजूला बसवलं नाही. तोंड गल्लीकडे करून बसवलं. पाठ विंचरून झाली तसं त्याला वळवलं. मग दुसऱ्या बाजूला वळवलं. पोट दाखवलं. तो किती भरलाय, केस किती चकचकीत आहेत, हे वर बसलेल्याला नीट दिसायला हवं होतं. मोठ्याने म्हणाल्या, “आज चार पोळ्या खाल्ल्या ना रे? आणि सकाळी चिमणीवर कोण भुंकलं?” ठेका त्यांच्याकडे बघून जबडा उडवत राहिला. इतक्या मोठ्याने आज का बोलतात, त्याला कळेना.

अर्धा-पाऊण तास असा गेला. मग वारा फिरला. ठेक्याने मान वर केली, नाकपुड्या फुगल्या. तो उभा राहिला. घशातून एक बारीकसा आवाज निघाला, ओरडण्याच्या आधीचा. इंदुताईंनी त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि आत नेऊन दार लावून घेतलं. छातीशी धरून ठेवला. “कुणी नाही रे. कुणी नाही. कुणी आलं नाही.” त्याचं काळीज त्यांच्या तळव्याखाली धडधडत होतं. आणि बाहेर, समोरच्या जिन्यावरून कुणीतरी पायांतल्या वहाणा हातांत घेऊन अनवाणी उतरून गेलं. ते त्यांना दिसलं नाही, मंदाताईंनी नंतर सांगितलं.

तसा तो दिवाळीतही एकदा आला. भाऊबीजेला इंदुताईंनी मंदाताईंच्या माडीवर जाऊन त्याला ओवाळलं, आणि पंधरा मिनिटांत परत आल्या, कारण खाली ठेका एकटा होता.

सत्तावन्नचा डिसेंबर लागला आणि मग काही आवरेना. कारण विचारलं तर दौलतसिंह म्हणाले, “कारण वगैरे काही नाही ताई, दुखणं पुढे सरकतंय.” गोळी दुप्पट झाली. ठेका दिवसभर पेंगायचा. मागचे पाय लुळे पडू लागले. इंदुताई पंच्याची झोळी पोटाखाली घालून त्याला अंगणात न्यायच्या. पूर्वी अर्ध्या तासात तो परत यायचा, आता झटक्यानंतर चार-चार तास त्यांना ओळखायचा नाही. एकदा भिंतीच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा राहिला, आणि कोपऱ्यातून मागे यायचं असतं हेच विसरला. त्यांनी त्याला वळवलं तर तो त्यांना चावला. जोराने नाही. पण मग रडत बसल्या त्या, हाताचं दुखत होतं म्हणून नव्हे.

पत्रांत त्या सगळं खरं लिहीत होत्या. लपवायचं नाही असं ठरवलं होतं त्यांनी. शरच्चंद्राचं उत्तर यायचं: ‘मी येऊ का?’ त्या लिहायच्या: ‘अजून नको.’ तीन वेळा असं झालं.

फेब्रुवारीत एका सकाळी दौलतसिंह ठेक्यापाशी बराच वेळ बसले. डोळ्यांसमोर बोट फिरवलं. पापणी उघडून पाहिली. मग त्याच्या कानावरून हात फिरवत म्हणाले, “ताई, रिसाल्यात असताना मी घोड्यांना सोडवलंय. ते हुकमाने होतं. हे मी तुम्हाला सांगणार नाही, विचारतोय. आता ह्याला सोडवूया का?”

इंदुताई खाली बघत होत्या. “दिसतं का त्याला?”

“थोडं. सावलीसारखं.”

“वास येतो?”

“वास शेवटपर्यंत असतो.”

“मग परवापर्यंत थांबाल?”

त्या स्वतः चालत तारघरात गेल्या. आयुष्यात कधी तार केली नव्हती. तिथल्या बाबूने कागद पुढे केला, त्यावर त्यांनी हिंदीत लिहिलं: ‘आ जाओ। सामने के दरवाज़े से आओ।’

बाबूने वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. “माताजी, ‘आ जाओ’ काफ़ी है। बाक़ी काट दूँ?”

“नहीं,” इंदुताई म्हणाल्या. “वो भी लिखिए।”

तिसऱ्या दिवशी सकाळी टांगा दाराशीच थांबला. इंदुताईंनी ठेक्याला ओसरीवर उन्हात ठेवलं होतं, डोक्याखाली घडी, अंगावर शाल. कानोसा घेत त्या त्याच्याकडे बघत होत्या. टांगा कोपऱ्यावर आला तरी तो उठला नाही. टांगा थांबला, तरी नाही.

शरच्चंद्र फाटकातून आत आला. वर्षभरात त्याचे केस पिकले होते. तो थांबला, बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली: ये.

तो येऊन खाली बसला. हात पुढे केला, पण लावला नाही. ठेक्याच्या नाकापाशी तळवा धरला. क्षणभर काहीच झालं नाही. मग नाक हललं. नाकपुड्या एकदा फुगल्या, पुन्हा फुगल्या. अधू डोळे उघडले. शेपूट चटईवर एकदा आपटली. थांबली. दोनदा आपटली.

भाऊबहीण दोघंही श्वास रोखून होते. शरच्चंद्राने डोक्याखालच्या घडीला हात घातला, आता येणार म्हणून. इंदुताईंच्या ओठांवर आकडे सुरूही झाले.

झटका आला नाही.

ठेक्याने जीभ काढून त्याचा तळवा एकदा चाटला, त्यात हनुवटी ठेवली, आणि डोळे मिटून घेतले. एवढंच. पूर्वी ज्या आनंदाने तो कोसळायचा, तेवढा आनंद मावायला आता त्याच्यात जागाच उरली नव्हती. उरला होता तो त्याला सोसण्याइतका. शरच्चंद्राला ते कळलं, आणि त्याच्या तोंडून असा हुंदका फुटला की समोर मंदाताईंनी चिक सोडून घेतला.

दौलतसिंह आले, दोघांना पाहिलं आणि म्हणाले, “घाई नाही. मी संध्याकाळी येतो.”

म्हणून तो सगळा दिवस शरच्चंद्राला मिळाला. त्याने चहा तिथेच घेतला, जेवण तिथेच घेतलं. ऊन सरकलं तसं ठेक्याला सरकवलं. कधी बोलत होता, कधी नुसता बसत होता. दुपारी तो बसल्या जागीच झोपी गेला, ठेक्याच्या पाठीवर हात टाकून, आणि इंदुताई दारात बसून दोघांवरच्या माशा वारत राहिल्या. संध्याकाळी पाचला दौलतसिंह आले. सुई फार बारीक होती. मल्हाररावांनी आधीच अंगणात कण्हेरीजवळ खणून ठेवलं होतं.

रात्री शरच्चंद्र जेवला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीला निघताना म्हणाला, “ताई, एक विचारू? मी येत राहिलो असतो तर?”

“तर तो वर्षभर आधी गेला असता.”

“हो. पण मला बघत गेला असता.”

तो तिला दोष देत नव्हता. दोष दिला असता तर इंदुताईंनी भांडण तरी केलं असतं. त्यांनी फक्त त्याच्या पिशवीत डबा ठेवला. पण टांगा गेल्यावर त्या ओसरीवर बसल्या आणि पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की आपण चुकलो असू. ठेक्याला वर्ष दिलं. ते वर्ष त्याने कुणाची तरी वाट बघण्यात घालवलं. खाटेखाली, दाराशी, वाऱ्यात नाक वर करून. ह्यातलं जास्त काय, कमी काय, हे त्यांना ठरवता आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

जूनमध्ये शरच्चंद्राला भोपाळला दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं. इंदुताईंनी जनकगंजातलं घर सोडलं. मंदाताई गळ्यात पडून रडल्या. कण्हेरीला पाणी घालीन म्हणाल्या.

भोपाळच्या घरी पहिले काही दिवस दोघं ठेक्याचं नाव काढत नसत. मग एका संध्याकाळी इंदुताई कणीक मळत होत्या, आणि शरच्चंद्र दारात येऊन उभा राहिला. “ताई, तू पत्रात त्याची दुखणीच लिहायचीस. बाकी काय करायचा तो?”

“बाकी म्हणजे?”

“बरा असायचा तेव्हा.”

इंदुताईंनी आठवून पाहिलं. “एकदा मंदाताईंची बकरी त्याच्या दूधभातावर आली होती. हा कसाबसा उठून गेला, आणि तिच्यासमोर जबडा उडवत उभा राहिला. बकरी रवंथ करत होती. तिला वाटलं हाही रवंथच करतोय. दोघं अशी समोरासमोर, तोंडं हलवत, पान खाणाऱ्या दोन म्हाताऱ्यांसारखी. पाच मिनिटं! शेवटी बकरीच कंटाळून गेली. मग हा वाटीत पाय घालून बसला, जसा काही किल्ला राखला.”

शरच्चंद्र हसू लागला. हसता हसता त्याला उभं राहवेना, भिंतीला हात टेकावा लागला. “आणि मला कळवलं नाहीस!”

“तुला यावंसं वाटलं असतं.”

हसणं थांबलं तरी त्याने भिंतीवरचा हात काढला नाही. तोंड भिंतीकडेच होतं. खांदे हलत होते. इंदुताई उठल्या नाहीत. परातीत हात तसेच ठेवून त्या म्हणाल्या, “आणि एकदा काय झालं, नानांकडे कुणी शिष्य आला होता…”

भिंतीकडे तोंड ठेवूनच तो ऐकत राहिला.